ड्राइव्हवेवर पाऊल ठेवू नये

३ मार्च, रविवार. सकाळी ७.
आजपासून नोंदी. विषय: गाडीखालचा तेलाचा डाग. जागा: ऑस्ट्रेलियातलं मेरीबरो, आमच्या घरापुढची गाडी लावायची काँक्रीटची वाट, म्हणजे ड्राइव्हवे. आकार: जेवणाच्या ताटापेक्षा जरा मोठा. वय: दोन वर्षं.

बायको, नोरीन, बहिणीकडे समुद्रकाठच्या हर्वी बे गावी गेली, त्याला पाच आठवडे झाले. जाताना म्हणाली की मर्व्ह, चाळीस वर्षं मी भिंतीशी बोलतेय, तुझ्या कानात काही शिरतच नाही, साधा तो डाग बघ, दोन वर्षं सांगतेय. मुद्दा स्पष्ट आहे. डाग. तो गेला की नोरीन परत. रेल्वे वर्कशॉपमध्ये सदतीस वर्षं इंजिनं दुरुस्त केलेला माणूस मी. मुदत: एक आठवडा.

५ मार्च, मंगळवार.
मांजराच्या शौचाची वाळू आणली. ती तेल पिते. दुकानात काउंटरवरच्या लोर्नाने विचारलं, मांजर कधी आणलंत? खरं सांगायला तोंड उघडलं आणि म्हणालो, गेल्या आठवड्यात. नाव? डस्टी, म्हणालो. रंग, वय, खाणंपिणं, सगळं विचारलं. मीही सांगितलं. पाच मिनिटं बोललो आम्ही. मागे लाइन लागली होती तरी.

वाळू डागावर ओतून बुटाच्या टाचेने चांगली रगडली.

६ मार्च.
वाळूने वरचं ओलं प्यायलं. खाली मुरलेलं तेल जागच्या जागी. शेजारचा वॉली कुंपणावरून म्हणाला की अरे, वाळू ताज्या तेलावर टाकतात, दोन वर्षांनी नव्हे. आणि आधी इंजिनाची गळती बंद कर, ते जमत नसेल तर निदान खाली ट्रे तरी सरकव. वॉलीला ह्यातलं काही कळत नाही. दुपारी डागावर नवीन थेंब दिसला.

१० मार्च, रविवार.
भांड्यांचा साबण, कढत पाणी, ताठ ब्रश. गुडघ्यांची वाट लागली. फेस काळाकुट्ट, म्हणजे यश. वाळल्यावर डाग पुन्हा वर आला, पण फिका. कडेला तरी.

नोरीनला फोन करून कळवलं. ती म्हणाली बरं. मग विचारलं, जेवतोस का वेळेवर? मी म्हणालो, डावीकडची कड विशेष फिकी झालीय. ती फोन ठेवते म्हणाली. एकंदर बोलणं छान झालं.

१६ मार्च, शनिवार.
हार्डवेअरच्या दुकानात. दारात नेहमीप्रमाणे पावात सॉसेज घालून विकत होते. सवयीने दोन घेतले, एक बिनकांद्याचा. गाडीत बसून दोन्ही खाल्ले. बिनकांद्याचा बेचव लागतो. नोरीन कसा खाते देव जाणे.

स्विमिंग पूलचं ॲसिड आणलं. वॉली म्हणाला, ॲसिड तेलाच्या वाटेला जात नाही, सिमेंट खातं. ऐकून घेतलं. ओतलं.

१७ मार्च.
वॉलीचं म्हणणं योगायोगाने खरं निघालं. मधे काळा डाग, भोवती पांढरं खरबरीत वर्तुळ. लांबून डोळा वटारल्यासारखं दिसतं. आज खुर्ची उलट्या दिशेला ठेवून चहा घेतला.

२४ मार्च, रविवार.
तेल काढायचं खास औषध, तीन हात. डाग गेला. खरंच गेला. सांगायला कुंपणापाशी गेलो, वॉली नातवंडांकडे गेलेला. लोर्नाला सांगावं तर डस्टी मधे येतो.

पांढरा ठिपका मात्र डागापेक्षा जास्त उठून दिसतो. उपाय: सगळं काँक्रीट धुऊन त्यावर सीलरचा लेप. पुन्हा तेल मुरायला नको. गाडीखाली ट्रेही ठेवला. माझीच कल्पना.

संध्याकाळी नोरीनचा फोन, आपणहून. ईस्टरच्या शनिवारी येते, म्हणाली. मी म्हटलं, ये, ड्राइव्हवे बघायला. ती म्हणाली, ड्राइव्हवे नाही रे, तुला. येतेय हे महत्त्वाचं.

३० मार्च, शनिवार. सकाळी १०.
सीलर लावून झाला. फाटकापासून पायरीपर्यंत, ह्या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत. आरशासारखा चमकतोय. वेळ अचूक साधली. फाटकाला दोरी बांधली.

दुपारी २.
नोरीन आली. गाडी रस्त्यावर लावली. हातात ईस्टरचे गोड बन, मागच्या सीटवर निळी बॅग. दोरी ओलांडायला पाय उचलला तोच मी पायरीवरून ओरडलो की थांब, ओलं आहे, चोवीस तास पाय नको, गाडीला तर तीन दिवस. तिने विचारलं, मग मी आत येऊ कशी? म्हटलं, मंगळवारी ये, गाडीच आत घेऊन ये. कसा झालाय विचारलं. छान झालाय, म्हणाली. बघत माझ्याकडे होती. बन पत्रपेटीवर ठेवले आणि गेली.

सीलरवर एकही ठसा नाही.

२ एप्रिल, मंगळवार.
दोरी काढली. माझी गाडी रस्त्यावरून आत घेतली, खाली ट्रे. सकाळपासून खिडकीशी. वॉली म्हणाला, मागच्या गल्लीतून बोलवायचं होतंस तिला, मर्व्ह. ह्याला आजच सुचायचं होतं.

कोणी आलं नाही.

५ एप्रिल, शुक्रवार.
फोन केला. म्हटलं डाग पूर्ण गेला, तू दोन वर्षं सांगत होतीस तो. ती म्हणाली, मी दोन वर्षं डागाबद्दल बोलत होते असं वाटतं तुला? मग म्हणाली की त्या दिवशी बॅगेत चार दिवसांचे कपडे होते. सीलर पाच वर्षं टिकतो, असं म्हणालो.

घर फार शांत आहे. मला नाही करमत.

८ एप्रिल, सोमवार.
दूध आणायला गेलो. लोर्नाने विचारलं, डस्टी कसा आहे? निघून गेला, म्हणालो. तिला खरंच वाईट वाटलं. म्हणाली, येतात हो परत, दार तेवढं उघडं ठेवा, आणि आल्यावर ओरडू नका.

घरी येऊन गाडीखालचा ट्रे काढून टाकला.

९ एप्रिल. सकाळी ७.
पहिला थेंब पडला. मागून ‘मर्व्ह, तो डाग बघ’ ऐकू येतंय का म्हणून तिथेच उभा राहिलो. कोणी काही बोललं नाही.