समोरासमोर सांगायचं

वाल्देसिएर्सो,
रविवार, ३ मार्च २००२

चि. मोंचो,

अनेक आशीर्वाद. पिलार मातेच्या कृपेने इकडचं सगळं चालू आहे. पाल्मात आतापासूनच ऊन तापतं असं ऐकते, पण म्हणून आतला बनियन काढून हिंडू नकोस. समुद्राचा वारा कळत नाही आणि छातीत जाऊन बसतो. आणि हॉटेलच्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्या जेवू नकोस. दुसऱ्यांची ताटं भरणाऱ्याने स्वतः तरी दोन घास बसून खावेत.

आमचे उपासाचे दिवस चालू आहेत. शुक्रवारी पालक घालून हरभरे आणि त्यात खारवलेल्या माशाचा एखादा तुकडा. एरवी मसूर. हे नवे युरो आल्यापासून माझा महिन्याचा हिशेब काही धड लागत नाही. प्रत्येक आकड्याचे आधी पेसेता करून बघते, मग जीव घाबरतो, मग परत युरो करून लिहिते. परवा बेकरीतल्या तेओदोराला म्हटलं, "काय गं, पावात केशर घालायला लागलीस का?" तर म्हणते, "प्रेसेन, तुला परवडत नसेल तर कालचा शिळा घेऊन जा, त्याला जुनाच भाव." मी शिळा घेतला. सूपात शिळाच चांगला लागतो.

मागायचं ते आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे धीर सुटला तरी कागदावर राहील. संत योसेफच्या सणाला घरी ये. एकोणीस तारीख, मंगळवार आहे. ईस्टरच्या पवित्र आठवड्यापर्यंत थांबू नकोस. तेव्हा हॉटेलात गर्दी होईल आणि तुझा साहेब सोडणार नाही. त्याआधी ये.

बाबांबद्दल तू विचारत नाहीस आणि मी दर पत्रात "बाबा बरे आहेत" एवढं लिहून पुढे जाते. आज ते वाक्य लिहायला हात धजत नाही. म्हणून आधी दुसरं लिहिते.

आपला फुटबॉल क्लब अजून खालच्या गटातच आहे. नवा प्रशिक्षक तेरुएलचा, तरुण आहे, गळ्यात शिट्टी आणि हातात कसलंसं छोटं यंत्र घेऊन फिरतो. खेळाडूंना वगळायचं असलं की कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर यादी चिकटवून गाडीत बसून निघून जातो. सुताराचा फेलिपे ती यादी वाचून आमच्याकडे आला होता. म्हणाला, "प्रेसेन काकी, भिंतीने मला काढलं. एलादियोकाकांनी काढलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं."

तुला आठवत असेलच शनिवारची सकाळ. बाबा सायकल काढायचे आणि ज्यांना रविवारी खेळवायचं नाही त्यांच्या एकेकाच्या कामावर जायचे. फेलिपेकडे रंधा चालू असताना, गवंड्याच्या पोराकडे शिडीखाली उभं राहून. टोपी काढायची, डोळ्यांत बघायचं आणि म्हणायचं, "उद्या तू नाहीस. कारण असं असं." कोणी शिव्या दिल्या तर ऐकून घ्यायच्या. एकदा अंगावर चुन्याची बादली ओतून घेऊन घरी आले. मी म्हटलं, "चिठ्ठी पाठवली तर काय बिघडतं?" तर सदरा काढता काढता म्हणाले, "मला नेहमी चिठ्ठीनेच काढलं गं."

ते खरंच होतं. लग्न झाल्यापासून आम्ही नऊ गावं फिरलो. डावा बचावपटू लागतो सगळ्यांना, पण आठवण कोणाला राहत नाही. कुठे खोली मिळायची, कुठे नुसती मैदानाच्या रखवालदाराची माडी. मोसम संपला की लिफाफा यायचा आणि मी भांडी बांधायची. वरच्या विभागात एकदाच, एका सामन्यापुरते राखीव म्हणून बसले. अंगावरचं जाकीट काढायची वेळ आली नाही. ती गोष्ट त्यांनी तुला कधी सांगितली नाही, मला ठाऊक आहे. त्या दिवशी रेडिओवर राखीव खेळाडूंची नावं घेतली तेव्हा त्यांचं आडनाव चुकीचं घेतलं होतं.

म्हणून प्रशिक्षक झाल्यावर त्यांनी हा नेम धरला. ज्याला काय सांगायचं ते त्याच्या समोर उभं राहून सांगायचं. आणि तुला ते आमच्या टेबलावर सांगायचे, दुधाच्या पेल्यासमोर. "उद्या नाही, मोंचो." तू पाव बुडवत राहायचास. मी ओट्याकडे तोंड करून उभी असायची. गाव म्हणेल बापाने पोराला घुसवलं, ही त्यांची भीती. खेळ चांगला असलेल्या पोराला असा बाप मिळावा, हे तुझं नशीब.

मग दोन वर्षांपूर्वीचा तो मोसमाचा शेवटचा रविवार आला. जिंकलो तर वरच्या गटात टिकणार होतो. आपण दोन गोलांनी पुढे होतो आणि चारच मिनिटं उरली होती. मुख्य संघातला बार्राचिना लंगडायला लागला. बाबांनी मागे वळून बाकाकडे बघितलं आणि तू दिसलास. मी मेंडोझा बाईंच्या शेजारी उभी होते. बाबांनी तुझ्या पाठीवर हात ठेवला तेव्हा त्या मला म्हणाल्या, "बघ गं, अखेर बाप माणसात आला." नियम सगळ्यांना पाठ होता. मैदानावर कायम सात जण मुख्य संघाच्या कागदांवरचे हवेत, तुझ्यासारखी कुमार संघातली पोरं फक्त उरलेल्या चार जागांवर. तू आत गेलास आणि मुख्य संघाचे सहाच राहिले. आयुष्यभर त्यांची कधी मोजणी चुकली नाही. त्या क्षणी त्यांनी मोजलंच नाही. मोजणं ज्याचं काम, तो त्यांचा मदतनीस इलारियो हातात यादी घेऊन आनंदाने रडत होता.

पुढचं तुला माहीत आहे. समोरच्यांनी तक्रार केली, सामना काढून घेतला, आपण खाली गेलो. तू जूनमध्ये बॅग भरून गेलास. इथे काय झालं ते तुला माहीत नाही. बाबा चौकातून निघाले की बारच्या दारात बसलेली माणसं सहा बोटं वर करायची. "एलादियो, इकडे बघ, मोजायला शिकवतो!" ते टोपीला हात लावून पुढे जायचे. इलारियो एकदा खुर्ची उचलून धावला, म्हणाला, "बोटं माझ्याकडे दाखवा ना, भाड्यांनो, मोजायला मी होतो!" बाबांनीच त्याला ओढून बाहेर आणलं.

त्या उन्हाळ्यात त्यांचा आवाज बसला. मैदानावर ओरडून बसतो तसाच, आम्हाला वाटलं. मी मध आणि थाईमच्या पाल्याचा काढा दिला. सप्टेंबरपर्यंत बसलेलाच राहिला, म्हणून सारागोसाला नेलं.

मोंचो, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांचं ऑपरेशन झालं. गाठ होती. स्वरयंत्र पूर्ण काढलं. तेव्हापासून बाबांना आवाज नाही.

लिहिलं एकदाचं.

आता त्या वर्षीचा नाताळ आठव. तू फोन केलास, माझी चौकशी केलीस आणि मग म्हणालास, "बाबा आहेत का? त्यांना दे. काय म्हणायचंय ते त्यांच्याच तोंडून ऐकू दे." मी रिसीव्हर त्यांच्या कानाला लावला. तू म्हणालास, "बोला." मग म्हणालास, "बोला ना, बाबा. शिव्या द्या हव्या तर." मी जवळच होते, मला सगळं ऐकू येत होतं. त्यांचे ओठ हलत होते. तुला श्वाससुद्धा ऐकू गेला नसेल, कारण त्यांचा श्वास आता नाकातोंडातून येत नाही, गळ्याला पाडलेल्या भोकातून येतो. मी रिसीव्हर घ्यायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं आणि मान हलवली. तू म्हणालास, "कळलं मला." आणि फोन ठेवलास.

त्यानंतर तू फोन उचलला नाहीस. बाप रागाने बोलत नाही असं धरून बसलास. मोंचो, राग नव्हता रे. आवाज नव्हता.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी मला पिलार मातेच्या पदकावर हात ठेवायला लावून शपथ घेतली होती, तुला कळवायचं नाही म्हणून. "गावात आधीच म्हणतात की एलादियोचा गळा दुःखाने धरला. पोराच्या कानावर गेलं तर तो म्हणेल, माझ्या चार मिनिटांनी बापाला हे दिलं. बोलायला लागलो की मीच सांगेन." ते त्यांचं शेवटचं बोलणं, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या आवाजातलं.

आता घरात एक पाटी आहे, लहान पोरांची, वरून ओढलं की पुसलं जातं ती. त्यावर "मीठ", "दार लाव", "इलारियो खोटं खेळतोय" असं लिहितात. मी कितीदा म्हटलं, पोराला दोन ओळी लिहा, मी पाकिटात घालते. एकदाच उत्तर दिलं. पाटीवर लिहिलं, "खेळाडूला चिठ्ठी पाठवायची नसते." आणि वर ओढून पुसून टाकलं.

त्याऐवजी बोलायला शिकायला गेले. सारागोसाला बेगोन्या नावाची मुलगी आहे, ती हवा गिळून ढेकरासारखी वर आणून त्यात शब्द बसवायला शिकवते. आधी प, त, क. घरभर दोन महिने पा-पा, ता-ता. इलारियो पत्ते पिसता पिसता म्हणायचा, "लेका एलादियो, नातवंडं नाहीत म्हणून स्वतःच बोबडं बोलतोस काय?" आणि बाबा हसायचे. हसण्याला आवाज नसतो, फक्त खांदे हलतात. तुझ्या नावातला म काही केल्या येईना. ओठ मिटले की हवा अडकायची. मी वाटाणे सोलत होते तेव्हा एके दिवशी मागून आलं, "मोंचो." आवाज त्यांचा नव्हता. मोरीतून पाणी जातं तसा होता. मी वाटी सांडली.

मग मला वाटलं, आता फोन करतील. तर नाही. बेगोन्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांना एक अख्खं वाक्य हवंय, तेवढं आल्याशिवाय ते तुमच्या मुलाला भेटणार नाहीत." वाक्य काय ते तिनेच मला सांगितलं, चुकून. मी ते इथे लिहिणार नाही. ते त्यांचं आहे. त्यात माफी नाही आणि दोष देणं तर नाहीच. त्या चार मिनिटांत समोरच्यांनी कोपऱ्यावरून मारलेला जो चेंडू आत आला आणि तू डोक्याने बाहेर काढलास, त्याबद्दल आहे. लहानपणापासून सामना संपला की तू त्यांच्या तोंडाकडे बघत उभा राहायचास ना, त्यासाठीच आहे, एवढं समज.

या गेल्या डिसेंबरात वाक्य पुरं झालं. माझ्यासमोर म्हटलं नाही, बेगोन्यासमोर म्हटलं. तिकीट काढायचं ठरवत होते, पाल्माच्या बोटीचं. स्वतः येणार होते, तुझ्या कामावर, टोपी काढून.

यंदा जानेवारीत मानेच्या दुसऱ्या बाजूला गाठ आली. डॉक्टर चांगला माणूस आहे, पण या वेळी त्याने कागद वाचून त्याची घडी घातली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, ईस्टरनंतरचं काही ठरवू नका."

तेव्हापासून मी शपथ आणि तू यांच्यामध्ये अडकले होते. गुरुवारी देवळात आपल्या पाद्रींकडे, मोसेन फिदेलकडे गेले. ते मेणबत्त्यांचे बुंधे खरवडत होते. सगळं सांगितलं. म्हणाले, "प्रेसेन, ही शपथ तू देवाला दिलीस की नवऱ्याला?" मी म्हटलं, "पदकावर हात होता, फादर." म्हणाले, "पदकाला मूल नाही, तुला आहे. घरी जा आणि लिही. शपथ मोडल्याबद्दल एक जपमाळ म्हण. आणि एवढे दिवस पाळलीस त्याबद्दल तीन." चारही म्हणून झाल्या, मगच हे पत्र घेतलं.

बाबांना माहीत नाही मी लिहितेय. ते खिडकीशी आहेत, शाल पांघरून. मैदान इथून दिसत नाही, पण आज सामना आहे आणि आरडाओरडा ऐकू येतो. ऐकून पाटीवर गोल लिहितात. बहुतेक वेळा बरोबर असतात.

हवा गिळायला आता त्रास होतो. बेगोन्या म्हणते, ताकद कमी झाली की जे उशिरा शिकलं ते आधी जातं. तरी रोज सकाळी, मी झोपले आहे असं समजून, भिंतीकडे तोंड करून ते वाक्य म्हणून बघतात. मी डोळे मिटून ऐकते. गेल्या आठवड्यापर्यंत अख्खं यायचं. परवापासून शेवटचा शब्द येत नाही. आज त्याच्या आधीचाही अडखळला. तुझं नाव अजून येतं.

हे पत्र मिळालं की तू फोनकडे धावशील. तुला ओळखते. फोन करू नकोस, मोंचो. फोनवर परत तुला काहीच ऐकू येणार नाही आणि त्यांना परत तुझं "कळलं मला" ऐकू येईल. तू ये. खुर्ची त्यांच्यासमोर ओढून बस. वाक्यातलं जेवढं उरलं असेल तेवढं ऐक, आणि बाकीचं तुला येत असेल तर तू म्हण.

एकोणीस तारीखही लांब आहे. मिळेल त्या बोटीने ये.

दार उघडं ठेवून बसलेली,
तुझी आई
प्रेसेन्तासिओन