माळावरचा पांढरा झेंडा

१८ डिसेंबर २००२, नागपूर

मंजूर! मंजूर झालं! पुरवणी मागण्यांत आपल्या जिल्ह्याचं नाव आलं — सुरक्षा दलाचं प्रशिक्षण केंद्र. आम्ही आमदार निवासाच्या जिन्यात उभे होतो, आमदारांच्या पी.ए.ने येऊन सांगितलं. धर्मसिंगकाकांनी मला सगळ्यांसमोर उचलून घेतलं! काका आमच्या तांड्याचे नाईक. तांड्यातली भांडणं त्यांच्या शब्दावर मिटतात. आणि ते असे नाचत होते!

जिन्यात जिल्ह्या-जिल्ह्याची माणसं. कुणाकडे शाली, कुणाकडे संत्र्याच्या पेट्या, आमच्याकडे नुसतं निवेदन. काका कानात म्हणाले, "विकास, आपले बापजादे पोलीस दिसला की रान धरायचे. आन आपण पोलीस द्या म्हणून रांगेत!" हसू आवरेना.

१९ डिसेंबर

झोप नाही. ज्या गावात केंद्र, तिथली माणसं आधी घेणार — स्वयंपाकी, माळी, पहारेकरी. दहावी नापास चालतो! पण वयाची अट मी पुढच्या वर्षी ओलांडतो. म्हणजे हीच संधी, दुसरी नाही.

जागा दोन सुचवल्या आहेत. जवळा बाजारच्या पुढचा आमच्या तांड्याचा माळ, नाहीतर वारंगा फाटा. वारंग्याच्या मागे किसनराव आहेत. त्यांची तिथं शेती, धाबा, ट्रक. आमदारांच्या खोलीत ते खुर्चीवर बसतात, आम्ही जिन्यात. समिती दोन्ही जागा पाहून एक निवडेल. मार्चअखेर जागा ठरली नाही तर पैसे परत जाणार.

२ जानेवारी २००३

किसनराव तांड्यावर आले! जीपमधून उतरले ते थेट काकांच्या बाजेवर बसले. "नाईकसाहेब, म्या माघार घेतली. तुमचा माळ लय भारी. साहेब लोक बाहेरचे हायेत, तुमच्या रीतीनं स्वागत करा. माळावर ओटा बांधा, सेवालाल महाराजांचा पांढरा झेंडा लावा, भोग द्या. विटा, सिमेंट, तूप, गूळ — समदं माझ्याकडून!"

काकांचे डोळे भरून आले. मला तर देवमाणूस वाटला. आई, आमची याडी, चुलीपाशी पुटपुटली, "धाब्यावर पाण्याचा गिलास फुकट देत न्हाई तो." मी म्हटलं, याडी, तुला सगळ्यांचाच संशय!

९ जानेवारी

ओटा झाला! गवंड्याच्या नजरेवर विश्वास ठेवला नाही. नळीत पाणी भरून पातळी मीच पाहिली, एक कोपरा उतरता निघाला, तो उकरून पुन्हा बांधायला लावला. पोरं म्हणाली, "विकासभाऊ, देवाला बसायचंय, कॅरम न्हाई खेळायचा." म्हणू देत.

१६ जानेवारी

समिती आली! बायांनी गाणी म्हटली, काकांनी निखाऱ्यावर तूप-लापशीचा भोग दिला. मोठ्या साहेबांनी बूट काढून झेंड्याला हात जोडले, लापशी मागून घेतली. मग विचारलं, "किती जुनं आहे हे ठाणं?"

काका ताठ झाले — "माझ्या आज्यापासून!"

काय उत्तर! पाहुण्यांसमोर देव आठवड्याचा आहे असं कोण सांगेल? साहेबांनी लिहून घेतलं, फोटो काढला. मागे किसनराव टाळ्या वाजवत होते. माळ आपला!

१७ जानेवारी

पहारेकऱ्याच्या भरतीसाठी पहाटे जवळा बाजारच्या रस्त्यापर्यंत धावलो. फार दम लागतो. सुधारेल.

११ फेब्रुवारी, हिंगोली

ऑफिसातले बाबू चहा पीत म्हणाले, "जागा मोकळी पाहिजे होती, भाऊ. तुमच्या माळावर जुनं देवस्थान हाये. ते उठवून केंद्र कोण बांधील? वारंग्याची शिफारस गेली."

मी म्हटलं, पण ओटा तर — आणि उठून बाहेर आलो. ओटा नवा म्हणावं तर काका खोटे ठरतात.

एसटी स्टँडवर दोन गाड्या सोडल्या. विटा किसनरावांच्या. तूप किसनरावांचं. टाळ्याही त्यांच्याच!

१२ फेब्रुवारी

काकांना सगळं सांगितलं. मी म्हटलं, अजून वेळ आहे, शिफारसच गेली आहे, हुकूम निघालेला नाही. ओटा नवा आहे असा अर्ज देऊ. समितीला पुन्हा यावं लागेल.

याडी कडाडली, "नोकरीपायी नाईकाला खोटं पाडतूस व्हय रे?"

काका म्हणाले, "त्याला काहून बोलतीस, रुख्मिणी? बोललो तर म्या."

घरी येऊन अर्ज लिहिला. चांगला उतरला आहे. सही होत नाही.

१४ फेब्रुवारी

अर्ज चुलीत टाकला. याडीने पाहिलं. जेवताना न विचारता ताटात दुसऱ्यांदा तूप वाढलं.

१७ फेब्रुवारी

काका सकाळी कुणाला न सांगता हिंगोलीला गेले. साहेबांसमोर उभे राहून म्हणाले — ओटा नवा आहे, मी खोटं बोललो. समिती पुन्हा येणार! पोरं माळभर नाचली, मीही नाचलो.

काका आले ते चपला काढून माळावर गेले. झेंडा उपसला, छातीशी धरून आणला, आपल्या दारात रोवला. मग पागोटं उतरवून त्याच्या पायाशी ठेवलं. "खोटं बोललेल्यानं दुसऱ्याचा न्याय करायला बसू न्हाई. नवा नाईक पहा."

ओटा उद्या मीच फोडणार आहे.