दोन खाचांचे मॅगझिन आणि रिक्त होणारे एक पद

मी, खाली सही करणारा, व्यवसायाने चष्मेविक्रेता, वयाने पन्नाशीच्या किंचित पलीकडे, बुद्धीने शाबूत, हृदय मात्र उद्या सर्जनच्या स्वाधीन होणार असल्याने, कोणाच्याही दडपणाविना (धर्मपत्नीचे नित्याचे दडपण जमेस न धरता) माझी अंतिम इच्छा लिहून ठेवतो.

कलम पहिले. घर व दुकान निर्विवादपणे धर्मपत्नीचे. वाद घालण्याची छाती माझी हयातीत झाली नाही. मरणोत्तर ती इतरांनी करू नये.

कलम दुसरे. क्लबच्या कपाटातील पॉइंट टू-टूची दोन नेमबाजीची पिस्तुले एकाच कारखान्याची, परंतु दोन पिढ्यांची आहेत. जुने पत्नीचे, नवे कन्येचे. परवानेही त्यांच्याच नावे. माझी मालकी केवळ गोळ्या भरायच्या मॅगझिनांवर, कारण ती मी विकत घेतली आणि आजवर मीच भरली. माझा स्वतःचा नेम समोरच्या भिंतीलाही लागत नाही; तथापि माझ्या अंगठ्याचा घट्टा हा या घरातील सर्व पदकांचा मूक भागीदार आहे.

कलम तिसरे, विवेचनासह. जुन्या पिस्तुलात मॅगझिन मुठीच्या बुडाशी असलेल्या पकडीत अडकते. नव्यात कारखान्याने ती पकड मुठीच्या कुशीत, म्हणजे बाजूला, नेली, म्हणून नव्या मॅगझिनची खाचही कुशीत. बाकी अंगकाठी हुबेहूब. परिणामी जुने मॅगझिन नव्या पिस्तुलात विनातक्रार शिरते, परंतु टिकत नाही. हा सूक्ष्म भेद माझ्या शालकास अमान्य होता. "अहो भावोजी, मॅगझिन म्हणजे मॅगझिन!" असा सिद्धांत मांडून त्याने निवड स्पर्धेच्या आदल्या दिवशी सगळी एकाच डब्यात कोंबली. पत्नीने त्यातले एक कन्येच्या हाती दिले. गोळ्यांच्या ऐन मालिकेत ते निसटून फरशीवर पडले, आणि पाठोपाठ निवडही.

"आई, तू न बघता दिलंस!"

"आणि तू न बघता घातलंस. आता फोड खापर माझ्यावर."

तेव्हापासून संभाषण माझ्यामार्फत चालते. "बाबा, आईला सांग, भाजी खारट झालीये." "अहो, तिला म्हणावं, पाणी पी." तिघेही एकाच टेबलाशी.

कलम चौथे. शालकास तो डबा. रिकामा.

कलम पाचवे. जुनी मॅगझिने पत्नीस, नवी कन्येस; अपवाद एकाचा. त्या स्पर्धेनंतर पत्नी दुकानामागच्या खोलीत बसली आणि चष्म्याच्या दांड्या घासण्याच्या माझ्या बारीक कानशीने तिने एका जुन्या मॅगझिनच्या कुशीत खाच पाडली. बुडाची खाच शाबूत. ते आता दोन्ही पिस्तुलांत चपखल बसते. क्लबच्या पंचांनी चालवून पाहिले आहे. अभियंत्यांनी दोन पिढ्यांत पाडलेले अंतर या विदुषीने कानशीने मिटवले. इतके सुबक काम मी यंत्राकडूनही झालेले पाहिलेले नाही. कन्येला तिने हे सांगितले नाही, मला सांगू दिले नाही. मृत्युपत्रास मात्र मनाई केलेली नव्हती.

कन्याही आईच्याच तोडीची. आईची गोळी दहा गुणांच्या वर्तुळात मधोमध बसली की शेजारच्या लेनमधून "वा!" ऐकू येते, आणि लगेच खोकला.

सबब हे मॅगझिन दोघींस समाईक. कोणी केव्हा वापरायचे, हे दोघींनी ठरवावे. तोंडी.

कलम सहावे. निरोप्याचे माझे पद माझ्या पश्चात रिक्त होईल. त्यावर कोणाचीही, विशेषतः शालकाची, नेमणूक करू नये.

हे लिहीत असतानाच कन्येने बाहेरून विचारले, "बाबा, आईला विचार ना, उद्या हॉस्पिटलला कधी निघायचं?"

मी उत्तरलो, "निरोप्या रजेवर आहे."

मग पत्नीचा आवाज आला: "उजाडलं की. आणि स्वेटर घे, तिथं एसी फार असतो."

"हं."

हा "हं" माझ्यामार्फत गेलेला नाही, याची साक्षीदारांनी नोंद घ्यावी.

स्थळ: दुकानामागची खोली
दिनांक: शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीचा गुरुवार

(सही) चष्मेवाला

आमच्यासमक्ष सही केली. "हं" आम्हीही ऐकला:
(सही) शेजारचे शिंपी
(सही) क्लबचे पंच