डावी बाजू वर

प्रिय झलमन,

बाबा गेल्यावर अँटवर्पचं शिवणकामाचं दुकान आज आवरायला घेतलं. कोट बेतताना ते आपल्या हसिदी ज्यूंची रीत सांगायचे, "उजवी बाजू मायेची, डावी कठोर बुद्धीची. बटण लावताना उजवी, म्हणजे माया, वर हवी." तू हसायचास, "बटणांनी कुणी मायाळू होतं का, बाबा?"

घर सोडलंस ते बाजारातला, बाहेरचे पुरुष घालतात तसा डावी बाजू वर असलेला कोट घालून. नऊ वर्षं त्यांनी तुझं नाव काढलं नाही. त्यांच्या धाकाने मीही नाही.

आज कपाटात तुझ्या मापाचा कोट सापडला. टाके बाबांचेच. आयुष्यात एकदाच त्यांनी डावी बाजू वर घेतलीय, तू घालावास म्हणून.

हे पत्र पाठवत नाही, तू लगेच वाद घालशील. नुसता कोट पाठवतेय.

तुझी ताई,
ब्राइन्डल