आधी अंगठा, मग दार

प्रिय दादा,

'प्रिय' लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. "बाई, तुझं इंजिनिअरिंग तुझ्यापाशी ठेव की," म्हणून हसतोस. कागदाला मध्ये तोडता येत नाही.

तुमच्या टॉवेल कारखान्यात आगीची मॉक ड्रिल घ्यायचं काम आमच्या कंपनीकडे आलं, तेव्हा तिथला सुपरवायझर माझा सख्खा भाऊ आहे आणि आई तिथेच शिलाईला आहे, हे मी आधीच लिहून दिलं होतं. साहेब म्हणाले, हरकत नाही. आता वाटतं, त्यांनी घ्यायला हवी होती.

आदल्या दिवशी मी सगळ्यांना सांगितलं होतं: सायरन वाजला की हातातलं काम टाकायचं, डबा, चप्पल शोधत बसायचं नाही, सरळ बाहेर पडून लिंबाखाली उभं राहायचं, मोजणी तिथे होईल. सायरन वाजला आणि बायका लगेच उठल्याही. उठून दाराशी रांग लावून उभ्या राहिल्या, अंगठ्याच्या मशीनसमोर. अंगठा न देता बाहेर गेलं की अर्धा दिवस कापायचा, हा तुझा नियम. टॉवेल चोरीला जातात म्हणून एका वेळी एकच माणूस जाईल असा लोखंडी अडसरही तिथे तूच बसवलास. त्याबद्दल मालकांनी पाठ थोपटली, तेव्हा तू घरी पेढे आणले होतेस.

रांगेत पहिली आई होती. कारखान्यात लागण्याआधी इतकी वर्षं विड्या वळल्या की तिच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजून गेल्यात. मशीन तिला पहिल्या खेपेला कधीच ओळखत नाही. ती पदराला अंगठा पुसते, फुंकर मारते, परत ठेवते. तेव्हाही तेच करत होती आणि मागे सगळी शिलाई खोळंबली होती. "मावशी, आवरा की, जळलो की आमी!" फिरदोस ओरडली. सगळ्या हसल्या. आईही हसली. तू लांबून म्हणालास, "आई, थुंकी लाव!" शेडमध्ये सगळीकडे कापसाची धूळ असते. खरी आग असती, तर ते हसणं पुरं व्हायच्या आत ती दारापाशी आली असती. हे मी घाबरवायला लिहीत नाही. एवढंच मला शिकवलेलं आहे.

अडसर काढा आणि मशीन बाहेर न्या, असं मी सांगितलं. तू त्याऐवजी मालकांकडून दुसरी ड्रिल मागून घेतलीस. या वेळी रांग भराभर पुढे सरकली आणि तू माझ्याकडे बघून मिशीतल्या मिशीत हसलास. मशीन होतं तिथेच होतं. अडसरही. आई नव्हती. तिला तू त्या दिवशी सुट्टी टाकायला लावली होतीस. संध्याकाळी माझ्या सहीसाठी रिपोर्टचा जो मसुदा पाठवलास, त्यात वाक्य होतं: 'मागील वेळचा अडथळा दूर करण्यात आला आहे.' मी ते दोनदा वाचलं. शुद्धलेखन बरोबर होतं.

त्यावर माझी सही होणार नाही. वहिनीला पुन्हा फोन करायला लावू नकोस. घरातलं घरात मिटवायला त्या शेडमध्ये फक्त आपलं घर बसत नाही.

माझा स्वतःचा रिपोर्ट उद्या कारखाना निरीक्षकांकडे जाईल. दार, अडसर, अर्ध्या दिवसाचा नियम आणि तो कुणी केला, हे सगळं त्यात आहे. आईचा जबाबही आहे. तो जोडण्याआधी मी तिला विचारलं. ती मेथी निवडत होती. "धम्माची नोकरी जाईल का गं?" म्हणाली. मी म्हणाले, जाऊ शकते. निवडून झालेली जुडी तिने पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतली. ती संपवून म्हणाली, "दे. पण आदी त्याला तू सांग. बाहेरच्याकडनं कळाय नको पोराला." तिने सांगितलं म्हणून लिहिलं. माझ्यावर असतं, तर तुला निरीक्षकांकडूनच कळलं असतं.

तुझीच, कारण यात बदल करता येत नाही,
बुद्धप्रिया