यकृतावरची साय

१२ जानेवारी
बावीस टक्के! माझ्या यकृतात बावीस टक्के चरबी आहे. डॉक्टर म्हणाले, "दुधावर साय धरते ना, तसं समजा." साय म्हणे! चव्वेचाळीस वर्षं पोटात घेऊन फिरतेय, कधी हूं की चूं केलं नाही त्याने.

दादाचं यकृत मात्र संपत आलंय. डोळे पिवळे, पोट फुगलेलं. यकृत मिळायच्या यादीत नाव आहे, पण यादी लांबलचक. जवळच्या नात्यातल्या कुणी आपल्या यकृताचा तुकडा दिला तर लवकर जमेल. वहिनी गेली, मूलबाळ नाही. राहिले मी. रक्तगट जुळतो. नडते ती साय! तीन महिन्यांत दहा टक्क्यांच्या खाली आणा, मग बघू — इति डॉक्टर. बेकरीत भट्टीसमोर उभ्या असणाऱ्या बाईला!

दादाला सांगायचं नाही. तो नको म्हणेल, आणि त्याचं नको म्हणजे नको.

१३ जानेवारी
तेल बंद. तूप बंद. लोणी बंद. बघतेच आता.

३० जानेवारी
वजन पाऊण किलोने वाढलं!!

आमचे हे म्हणाले, "काटा बिघडला असेल." घड्याळं दुरुस्त करणारा माणूस — बसले की पेचकस घेऊन! तासाभराने निकाल: काटा ठीक आहे. म्हणजे मीच बिघडलेय.

संध्याकाळी दादाकडे गेले. त्याने तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलंय. दुखणं सगळीकडे पोचलं, जिभेपर्यंत नाही. तेल सोडूनही वजन का वाढतं, ते सहज विचारल्यासारखं विचारलं.
"दिवसभरात काय खातेस?"
"काही नाही. चहा."
"साखर?"
"दोन चमचे."
"किती कप?"
"सहा... आणि पावाच्या कडा. त्या कोण मोजतं?"

उशीला टेकलेला माणूस ताठ बसला! औषधाच्या पाकिटावर चित्र काढायला लागला. "पीठ आणि साखर म्हणजे कर्बोदकं. पचली की त्यांचं ग्लुकोज होतं. लागेल तेवढं शरीर जाळतं, थोडं यकृतात आणि स्नायूंत साठवतं. तरीही उरलं, तर यकृत त्याचं काय करतं?" वर्गात थांबायचा तसाच थांबला. मग स्वतःच म्हणाला, "चरबी करतं, ढब्बे! तेलाचा थेंब न खातासुद्धा!"

वर आणखी — "या वयात कुणासाठी बारीक व्हायचंय तुला?"
तुझ्यासाठीच रे मेल्या! अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

३१ जानेवारी
कर्बोदकं बंद. एकजात सगळी.

३ फेब्रुवारी
वीस केकमध्ये साखरेऐवजी मीठ घातलं. डोकं गरगरत होतं, डबे सारखेच दिसत होते. एक केक विकला गेला. गिऱ्हाईक परत आलं आणि मालकांना म्हणालं, "तुम्हीच खाऊन दाखवा." मालकांनी खाल्ला. अख्खा तुकडा. हसत हसत! मग आत येऊन घटाघटा तांब्याभर पाणी प्यायले आणि हात जोडले, "बाई, जेवून येत जा हो!"

५ फेब्रुवारी
डॉक्टरांनी दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. पोरगी इतकी सडपातळ की मी मनातल्या मनात नाव ठेवलं — काडी. काडीने चांगलंच फैलावर घेतलं. "सगळं बंद करायला कुणी सांगितलं? मेंदूला ग्लुकोज लागतं. कोंड्यासकट धान्य खा, ते हळूहळू पचतं. साखर तेवढी सोडा. आणि प्रथिनं कुठायत? अंडी, डाळी, कडधान्यं? शरीराची बांधणी, डागडुजी त्यांच्यावर चालते. ती मिळाली नाहीत तर शरीर स्नायू मोडून खातं."
"कुणाचे?"
"तुमचेच!"

म्हणजे थंडी वाजते म्हणून घराची दारं जाळायची! असं म्हटल्यावर काडी खुदकन हसली. मग म्हणाली, रोज दोन-तीन चमचे तेल हवंच. काही जीवनसत्त्वं चरबीबरोबरच अंगी लागतात. फक्त चमचाभर पिठापेक्षा चमचाभर तेलात ऊर्जा दुपटीहून जास्त, म्हणून हात आखडता ठेवायचा. आणि रोज तासभर चालायचं.

तीन आठवडे मी तेलाशी उगाच वैर धरलं होतं! अति तिथे माती.

२१ फेब्रुवारी
अंडी हे उकडतात. बरोब्बर नऊ मिनिटं बारा सेकंद. नऊ मिनिटांवर मी झाकण उघडलं तर केवढे चिडले!

९ मार्च
दादाला कळलं. माझाच गाढवपणा. विचारून बसले — "यकृतातली चरबी उतरायला किती दिवस लागतात रे?" त्याने चष्मा काढून ठेवला. "बारीक व्हायचंय ती बाई कमरेचं विचारते. यकृताचं नाही."

मग जे भांडण झालं! "माझ्यासाठी तुझ्या पोटावर सुरी? चालती हो!"
"नाही जाणार!"
"शाळेत साधा खोडरबर दिला नाहीस कधी मला!"
"तू खात होतास तो!"

शेजारची बाई दारात येऊन बघून गेली. मग दोघंही दमलो. तो म्हणाला, "कापलेलं यकृत पुन्हा वाढतं. ठाऊक आहे ना?"
"आहे."
"कुणी सांगितलं?"
"तूच. मी नववीत असताना. जेवता जेवता, मी नको नको म्हणत असताना."

त्याने तोंड भिंतीकडे केलं. खांदे हलत होते. हसत होता की काय, ते मी पाहिलं नाही.

२ एप्रिल
सात टक्के!!! वजन नऊ किलोने कमी. काडीने मला मिठीच मारली. ऑपरेशन अठरा तारखेला. दादा म्हणतो, "शंभरपैकी सात मिळाल्यावर एवढी नाचणारी विद्यार्थिनी तूच पहिली."

१६ एप्रिल
भीती वाटते. इथेच लिहिते. ह्यांना सांगायची सोय नाही, सकाळपासून एकच घड्याळ तिसऱ्यांदा खोलून बसलेत.

१७ एप्रिल
पहाटे दवाखान्यातून फोन. यादीतून दादाचा नंबर लागला. अपघातात कुणीतरी गेलं, घरच्यांनी अवयवदानाला होकार दिला. माझा तुकडा नको आता. गेलेल्याचं नाव-गाव सांगत नाहीत.

रात्र झाली. दादा ऑपरेशन होऊन बाहेर आलाय. नवं यकृत काम करू लागलंय. हे सारखे म्हणतायत, दोन घास खाऊन घे. आज काहीही खा.

त्या घरी आज कुणी जेवलं असेल का?