काटाघरातून टिंग

१२ डिसेंबर २००३, वडसा

आज राईस मिलमध्ये कॉम्प्युटरवर मेसेंजर सुरू केला. गेटजवळच्या काटाघरात हे बसतात, आत ऑफिसात हिशेबाला मी. इतके दिवस धानाच्या ट्रकचं वजन हे आवारातून ओरडून सांगायचे. मशीनच्या आवाजात ऐकू काय येणार, कपाळ! आता दोन्हीकडे केबल आलीय, सेटिंग मीच केली. मेसेज आला की टिंग वाजतं.

मी पहिला ‘हॅलो’ पाठवला. उत्तर नाही. पाहते तर हे स्वतःच आवार ओलांडून दारात हजर!

"आलं, आलं! दिसून राह्यलं मले."

"अहो, मग तिथूनच लिहा ना!"

मग वजनं येऊ लागली. टिंग. टिंग. दुपारी काट्यावर एकही ट्रक नव्हता, तरी टिंग वाजलं. इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, ‘तुले इथी करमते का?’

लग्नाला सहा वर्षं झाली, असं मला कोणीच विचारलं नव्हतं. घरी सासूबाईंसमोर तर आमचं बोलणं भाजी वाढू का, एवढंच. यांच्या मनात हे कधीपासून असेल? आणि खरंच, करमतं का मला? लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. तेवढ्यात ट्रक आला आणि उत्तर राहूनच गेलं.

आत्ता जेवताना हे समोरच बसले होते. मी खाली मान घालून भात कालवत होते. मध्येच वरण वाढताना सासूबाईंची पळी पितळी गंजाच्या काठाला लागली.

टिंग.

आम्ही दोघांनी एकदमच मान वर केली.